अण्णांनी पाहिलेली वसई

माझे सासरे निवृत्त होऊन आमच्याकडे वसईला आले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन धोतरं, चार सदरे आणि झाडं छाटायची एक मोठी कात्री होती. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या शहरात, नगरपालिकेच्या बागेत, ते छत्तीस वर्षं माळी होते. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या. अण्णांना चहासुद्धा करता येत नसे, म्हणून दिवाळी आटोपताच त्यांची रवानगी आमच्याकडे झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी, माझा नवरा आणि सात वर्षांची आमची मुलगी, असे तिघं वसई स्टेशनच्या पश्चिमेला एका नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि चार कुंड्या मावतील एवढी गॅलरी.

त्या चार कुंड्यांवर अण्णांची नजर पहिल्याच सकाळी पडली.

"ही तुळस कुनी लावली?"

"मी, अण्णा."

"अन् मग हिला मारायचं का ठरीवलंय?"

दुपारपर्यंत चारही कुंड्यांमधली माती गॅलरीत पसरली होती आणि अण्णा मांडी घालून त्यातला एकेक दगड वेचत होते. दुसऱ्या दिवशी कुंड्यांचं काम संपलं. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून परत आले तर बिल्डिंगच्या फाटकावरची बोगनवेल गायब. म्हणजे वेल होती, पण फक्त चार काठ्या. बाकी सगळा पसारा खाली रस्त्यावर, आणि अण्णा शेजारी उभे, हातात ती कात्री, कपाळावर घाम, चेहऱ्यावर कधी नव्हे एवढं समाधान.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही, पण जाताना एवढं म्हणालाच, "वहिनी, तुमच्या सासऱ्यांना जरा काहीतरी विरंगुळा बघा."

जेवताना नवऱ्याने विषय काढला. "अण्णा, तुम्ही आता रिटायर झालात. आराम करा. हिंडा, फिरा."

"कुठं फिरू?"

"वसईत बघण्यासारखं पुष्कळ आहे. ही दाखवेल ना तुम्हाला. मुलीलाही सुट्टी आहे." आणि त्याने वरणाच्या वाटीतून हात न काढता माझ्याकडे मान वळवली.

खरं सांगायचं तर मी मनातून चरकले. लग्न होऊन सांगलीहून आले त्याला आठ वर्षं झाली होती. त्यातली शेवटची चार वसईत. या चार वर्षांत मी वसईत काय पाहिलं होतं? स्टेशन, भाजी मार्केट, मुलीची शाळा, डॉक्टरांचा दवाखाना. पाण्याचा टँकर कधी येतो आणि वीज कधी जाते, हे मला तोंडपाठ होतं. नवरा सकाळी सातला मुंबईला जायचा, रात्री साडेआठला यायचा, आणि रविवारी झोपायचा. कुणी विचारलं की मी सांगायची, आम्ही तिकडे लांब राहतो. लांब म्हणजे कुठून, ते माझं मलाच माहीत नव्हतं. मनातल्या मनात मी अजून सांगलीतच होते. आणि आता मला गाव दाखवायचं होतं, तेही अशा माणसाला, ज्याने आयुष्यभर बाग केली होती.

सुरुवात सोप्या ठिकाणाहून करावी म्हणून मी दुसऱ्या दिवशी दोघांना घरापासून दहा मिनिटांवरच्या नगरपालिकेच्या बागेत नेलं. निघताना अण्णांच्या सदऱ्याचा खिसा जड दिसला. मी हात पुढे केला. त्यांनी निमूटपणे कात्री काढून माझ्या हातात दिली.

बाग काही मोठी नव्हती. मधोमध बंद पडलेलं कारंजं, कडेने मेंदीचं कुंपण, दोन घसरगुंड्या, चार झोपाळे. मुलगी झोपाळ्यांकडे पळाली. अण्णा मात्र पाठीमागे हात बांधून कुंपणाच्या कडेकडेने चालू लागले, तपासणीला आलेल्या साहेबासारखे. मी मागून.

"पानी दुपारचं देत्यात वाटतं. करपलंय बघ. हितं कडंला अबोली पायजे हुती. अन् ह्यो गुलाब, ह्येला कुनी विचारतंय का न्हाई?" मध्येच वाकून ते पिकलेली पानं उचलत आणि खिशात टाकत. एक फेरी झाली तेव्हा दोन्ही खिसे फुगले होते.

"अण्णा, आता बसू या जरा," असं म्हणून मी एका बाकावर बसले. ते बाजूला उभेच.

"बसा ना."

"तू बस. मी हाय बरा."

दोन-तीनदा म्हटलं तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या बागेत पहिल्या दिवशीच साहेबांनी बजावलं होतं की बाकडी लोकांसाठी आहेत, माळी बसलेला दिसता कामा नये. साहेब बदलत गेले, पण तो नियम कुणी बदलला नाही, आणि अण्णांनी मोडला नाही. छत्तीस वर्षं त्यांनी भाकरी खाल्ली ती अवजारांच्या खोलीमागे, उकिडवं बसून. ते हे तक्रार म्हणून सांगत नव्हते. पावसात छत्री लागते तसं सांगत होते.

मुलगी झोपाळ्यावरून येऊन ऐकत उभी होती. ती म्हणाली, "पण आजोबा, तुम्ही इथे माळी नाहीच आहात. इथे तुम्ही लोक आहात!"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग हसू लागले, इतकं की त्यांना ठसका लागला. "लोक हाय व्हय मी?" असं म्हणत ते बाकाच्या अगदी कडेला टेकले, जणू कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं. थोड्या वेळाने जरा मागे सरकले. मग पाठ टेकली. टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि म्हणाले, "हितनं निराळीच दिसती की गं बाग. मला ठावंच नव्हतं."

घरी आल्यावर त्यांनी स्वतःहून विचारलं, "उद्या कुठं?"

उद्या किल्ला. तोही मी पाहिलेला नव्हता. मी एसटीच्या वाहकाला विचारून विचारून दोघांना घेऊन गेले. किल्ला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडचे डोंगरी किल्ले, म्हणून मी घाबरत होते की अण्णांना चढवेल का. पण हा किल्ला सपाटीवर, खाडीच्या काठाला, झाडीत बुडालेला. दगडी कमानी, छप्पर उडालेली उंचच उंच चर्चेस, फरशीत कोरलेली जुनी अक्षरं, आणि प्रत्येक भिंतीत उंबर-पिंपळाची मुळं घुसलेली. ताडाच्या झाडांवर मडकी लटकलेली. आत वारा होता आणि माणसं फारशी नव्हती.

अण्णांना दगडापेक्षा मुळांचं कौतुक. एका भिंतीपाशी ते पाव तास उभे राहिले. भिंत झाडामुळे पडणार की झाडामुळेच उभी आहे, यावर त्यांचं आणि नातीचं जोरदार भांडण झालं. ती म्हणे झाड तोडायला हवं. ते म्हणत, तोडून बघ, दुसऱ्या दिवशी भिंत खाली.

मग आम्ही एका मोठ्या, बिनछपराच्या चर्चमध्ये शिरलो. मुलीने "ओऽऽ" केलं. भिंतींनी "ओऽऽ" परत दिलं. ती अजून एकदा ओरडली, मग मला ओरडायला लावलं, मग आजोबांच्या मागे लागली. "आजोबा, तुम्ही पण! मोठ्यांदा!"

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. काय ओरडावं ते त्यांना सुचेना. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले, छाती भरून श्वास घेतला आणि छत्तीस वर्षं रोज संध्याकाळी जे ओरडत होते तेच ओरडले: "चलाऽऽऽ! बाग बंद व्हायची येळ झालीऽऽऽ!"

चारी भिंती दणाणल्या. आणि पलीकडच्या कमानीमागून एक तरुण जोडपं केस सावरत, ओढणी सावरत बाहेर आलं. त्यांच्या मागून आणखी एक. मुलगा हात जोडून म्हणाला, "सॉरी काका, निघतोच आहोत," आणि चौघंही भराभरा फाटकाकडे चालू लागले.

मी तोंडावर पदर धरला तरी हसू थांबेना. अण्णा आधी गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते त्यांच्यामागे धावले. "आवं, बसा बसा! माजी बाग न्हाई ह्यी!" पण ती चौघं कसली थांबतात. आम्ही तिघं तिथे दगडावर बसून पोट दुखेस्तोवर हसलो. सासऱ्यांसमोर मी एवढी मोकळी कधी हसले नव्हते. एरवी त्यांच्यासमोर माझा आवाजसुद्धा अर्ध्यावर यायचा.

परतताना रिक्षा केली. रिक्षावाल्याने सांडोर गावावरून आतला रस्ता घेतला, आणि दोन वळणांनंतर दोन्ही बाजूंना नुसत्या वाड्या. केळी, केळीच्या मधून पाण्याचे पाट, कुंपणाला जास्वंद, मध्ये विहीर, आणि सगळीकडे ओल्या मातीचा गार वास. माझ्या बिल्डिंगपासून हे सगळं किती जवळ होतं! अण्णांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली. "थांबव बाबा, थांबव." रिक्षा पूर्ण थांबायच्या आत ते उतरले आणि कुंपणातल्या फटीतून सरळ एका वाडीत शिरले.

मी मुलीचा हात धरून मागे धावले. तोवर आतून एक साठीतले गृहस्थ आले. कमरेला पंचा, हातात कोयता, कपाळाला आठ्या.

"कोण पाहिजे?"

अण्णा एका केळीच्या बुंध्याशी बसून माती चोळत होते. "कुनी न्हाई. केळी बघाया आलोय."

"बिल्डरकडून आलात का? तसं असेल तर आधीच सांगतो, वाडी विकायची नाही."

मी घाईघाईने सगळं सांगितलं, हे माझे सासरे, हे माळी होते, साताऱ्याकडचे, झाड दिसलं की यांना राहवत नाही. गृहस्थांच्या आठ्या थोड्या सैल झाल्या. पण अण्णा पुढचं वाक्य असं बोलले की त्या परत घट्ट झाल्या.

"मालक, एका केळीला तीन-तीन मुनवे ठेवल्यात तुमी. एक ठेवावा, बाकीचे काढावे. आईचं रक्त पित्यात ते."

"तुमच्याकडे असेल तसं. इथल्या मातीला तीन जड नाहीत."

"माती कुठलीबी असू द्या."

"कुठलीही कशी असू द्या? ही बघा. ही धरा हातात."

झालं. मुनवे म्हणजे केळीच्या बुडातून येणारी पिलं, एवढं मला त्या दिवशी कळलं. आणि त्यांच्यावरून दोन म्हातारी माणसं तासभर भांडू शकतात, हेही. रिक्षावाला कंटाळून निघून गेला. दोघं एका केळीवरून दुसरीकडे, तिथून पाटाकडे, पाटाकडून विहिरीकडे. आवाज चढलेले, पण आता दोघांच्याही डोळ्यांत मजा. मालकांच्या बायकोने मला हाक मारली, "बाय, ये, बस पडवीत. यांचं आता लवकर आटपत नाही." त्या गुडघ्याच्या जरा खाली येणारं नऊवारी नेसल्या होत्या आणि अंबाड्यात मोगऱ्याच्या दोन कळ्या. घरात आपसात बोलत तेव्हा त्यांची बोली मला अर्धीमुर्धीच कळे, पण माझ्याशी त्या मुद्दाम सावकाश, साधं बोलत. त्यांनी केळीच्या वाळल्या सोपटात बांधलेली सुकेळी आणली. उन्हात सुकवलेली ती राजेळी केळी मधासारखी काळपट आणि चिकट. मुलीने दोन खाल्ली आणि तिसरं हातात धरून झोपून गेली.

दोन्ही पुरुष अखेर पडवीत येऊन टेकले. मालकांनी विचारलं, "मग पाहुण्यांना राजोडीचा समुद्र दाखवला का?"

मी म्हटलं, "मीच पाहिला नाही अजून."

त्यावर त्यांची बायको खळखळून हसली. "अगो बाय, मी तरी कुठे बघितला? लग्न होऊन आले तेव्हापासून हे सांगतात, राजोडीला नेतो, राजोडीला नेतो. गणपती बोळवायला बंदरावर जाते, तेवढंच काय ते पाणी. एरवी आहे ही विहीर!"

"वाडी सोडून जाणार कसं?" मालक म्हणाले. "पाणी कोण देणार?"

"एक दिस पानी न्हाई दिलं तर केळ मरत न्हाई," अण्णा म्हणाले. "माती चांगली हाय म्हनता न्हवं तुमी?"

रविवार ठरला.

रविवारी नवऱ्याला उठवणं हे सगळ्यात अवघड काम होतं. तो कुरकुरत उठला, कुरकुरत दाढी केली आणि कुरकुरतच पुऱ्यांचा डबा उचलला. नालासोपाऱ्याला, राजोडीची एसटी सुटते तिथे, सांडोरचे दोघं आधीच येऊन उभे होते. मालकांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. त्यांच्या बायकोच्या हातात केळफुलाच्या भाजीचा आणि तांदळाच्या भाकरीचा एवढा मोठा डबा की आमच्या पुऱ्या लाजाव्यात. राजोडीच्या एसटीत खिडकीशी बसण्यावरून माझ्या मुलीने आणि अण्णांनी छापा-काटा करून निकाल लावला. अण्णा जिंकले, आणि त्यांनी खिडकी सोडली नाही.

सुरूच्या झाडांतून चालताना आवाज आधी येत होता. अण्णा थांबले. "गाडी येतीया?"

"समुद्र आहे, अण्णा."

झाडं संपली आणि एकदम सगळं उघडं झालं. राखाडी, लांबच लांब वाळू, आणि पलीकडे ते पाणी. अण्णांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. ते धोतराचा सोगा हातात धरून उभे राहिले. मी वाट बघत होते की ते काय म्हणतात. मग ते चालत पुढे गेले, लाटेशी वाकले, ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

"एवढं पानी," ते वळून म्हणाले, "अन् एका रोपट्याला घालायच्या कामाचं न्हाई!"

मालक म्हणाले, "म्हणूनच मी येत नव्हतो."

पण येत नव्हतो म्हणणारा तो माणूस दहा मिनिटांत गुडघाभर पाण्यात होता. सदऱ्याची इस्त्री कधीच मोडली होती. त्यांच्या बायकोने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघी पुढे गेलो. लाट आली की त्या किंचाळायच्या, लाट गेली की म्हणायच्या, "अजून एक येऊ दे." नवऱ्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि तो मुलीबरोबर वाळूचा किल्ला बांधत होता, तोही असा मन लावून की मुलीला हात लावू देईना. चार वर्षांत रविवारी दुपारी त्याला जागं बघायची मला सवयच राहिली नव्हती.

किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या दांड्यांवर, बोंबील वाळत घातले होते. तिथून एक कोळीण ओरडली, "ओ बाबा! पानी चढतंय! चपला उचला तुमच्या!"

अण्णांनी चपला काढून ठेवल्या होत्या तिथे आता वाळू नव्हती, फेस होता. दोन कोल्हापुरी चपला दोन दिशांना निघाल्या होत्या. नवरा एकीमागे धावला, मालक दुसरीमागे. नवऱ्याने आपली झटक्यात पकडली. मालकांना मात्र त्यांची चप्पल तीनदा हुलकावणी देऊन गेली. शेवटी ते तिच्यावर चक्क झोपले, आणि पाण्यातून उठले ते चप्पल डोक्यावर धरून. कोळीण पोट धरून हसत होती. अण्णा वाळूत बसले होते. त्यांना हसून हसून उभंच राहता येईना.

सुरूंच्या सावलीत जेवणं झाली. केळफुलाच्या भाजीचा कणही उरला नाही. मग दोन्ही म्हातारे शेजारी शेजारी आडवे झाले, टोप्या तोंडावर घेऊन. दोन वाजता मी पाहिलं तर अण्णा जागे होते, समुद्राकडे बघत पडले होते. साडेतीनलाही तसेच. एक पान उचललं नाही, एक काडी मोडली नाही. मी विचारलं, "अण्णा, कंटाळा आला का?"

"न्हाई गं पोरी," ते म्हणाले. "काय करत न्हाई मी. बरं वाटतंय."

नाताळाला पंधराएक दिवस राहिले असतील तेव्हा नवरा पुण्याहून सासूबाईंना घेऊन आला. नणंदेच्या बाळाचं बारसं झालं होतं. आता चार दिवस इथे राहून त्या अण्णांना घेऊन गावी जाणार होत्या. सासूबाई कडक. मोजकं बोलायच्या, हसायच्या त्याहून कमी. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघितले आणि तिखटाचा डबा जरा जोरातच बंद केला. मी समजून गेले.

अण्णा चहा पिताना म्हणाले, "तुला वसई दाखीवतो उद्या."

"मला काय करायचीय वसई? लेकाच्या घरी आलोय का हिंडाया?"

अण्णांनी उरलेला चहा संपवला. मला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे दोघं मिळून लग्नांना गेले होते, देवाला गेले होते, दवाखान्यात गेले होते. नुसतं बघायला म्हणून कुठे गेले नव्हते. पण मध्ये बोलायची माझी टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला शाळेत सोडून, काही कामं उरकून, संध्याकाळी तिला घेऊनच साडेपाचला घरी आले. दाराला कुलूप. किल्ली शेजारी. आत टेबलावर कॅलेंडरचं जुनं पान उलटं ठेवलेलं आणि त्यावर अण्णांच्या मोठ्या, सुट्या अक्षरांत: "आम्ही जाऊन येतो."

कुठे, कसे, काही नाही. सहा वाजले. साडेसहा वाजले. अण्णांना बस कुठून सुटते ते माहीत होतं, पण एकटे ते कधी गेले नव्हते, आणि सासूबाईंना तर गर्दीत चक्कर यायची. मोबाइल त्या वेळी आमच्यापैकी कुणाकडेही नव्हता. मी मुलीला घेऊन खाली बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. नवऱ्याला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागले.

सातच्या सुमाराला तिसरी बस आली. आधी अण्णा उतरले. मग त्यांनी हात वर केला आणि तो हात धरून सासूबाई उतरल्या. लुगडं कमरेपर्यंत ओलं, त्याला वाळू चिकटलेली. अंबाडा सुटलेला, आणि त्या सुटलेल्या केसांत भलामोठा मोगऱ्याचा गजरा. त्यांनी मला पाहिलं आणि त्या हसू लागल्या. मी त्यांना असं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना एका गालावर खळी पडते, हे मला आठ वर्षांनी कळलं.

"आगं सूनबाई, ह्यांनी मला बुडीवलं!"

"मी कुठं बुडीवलं? तूच बसलीस."

"बसलीस काय? मला समुद्रात हुभं केलं अन् म्हनत्यात, डोळं मीट. मिटलं. तर पायाखालची वाळूच निघून गेली की गं! मी आपली फतकल मारून पान्यात. अन् ह्ये बघत हुभं, हसत!"

"हात दिला न्हवं मी?"

"दिला. पन हसून झाल्यावर दिला."

भर रस्त्यात, बसस्टॉपवर, दोघं असे भांडत होते आणि मला रडू येत होतं आणि हसूही. जाताना ते आधी सांडोरला थांबले होते आणि तिथल्या मालकिणीने तो गजरा स्वतः गुंफून माळला होता. राजोडीहून परत यायची बस चुकली म्हणून दोघं सांजेच्या उन्हात दोन गावं चालत गेले होते, वाटेत कुणाकडे तरी पाणी प्यायले होते, कुणाच्या तरी अंगणातल्या झाडाचं नाव अण्णांनी चुकीचं सांगितलं होतं आणि सासूबाईंनी ते सुधारलं होतं. हे सगळं मला जिना चढता चढता कळलं.

मी पाणी तापायला ठेवलं. नवरा आला तेव्हा सासूबाई न्हाऊन, केस मोकळे सोडून गॅलरीत बसल्या होत्या. तो म्हणाला, "आई, शनिवारची तिकिटं काढू ना?"

"शनिवारची कशापायी?" सासूबाई म्हणाल्या. "माजा किल्ला ऱ्हायलाय अजून."

शनिवार गेला. किल्ला झाला, बाग झाली, सांडोरला दोन वेळा जाणं झालं. मुनव्यांचं भांडण मिटलं नाही. आता त्यात दोन्ही बायकाही पडल्या होत्या. मग नाताळ आला आणि सासूबाईंनीच सांगितलं की तेवढं बघूनच जायचं.

नाताळच्या संध्याकाळी आम्ही पाचजण दोन रिक्षा करून वाड्यावाड्यांतून हिंडलो. प्रत्येक घरावर कागदी चांदण्या, झाडांवर दिवे, आणि अंगणाअंगणात गोठे: गवताचं छप्पर, मातीची गाई-गुरं, मधे बाळ येशू. कुणालाही आत बोलावत होते. एका घरच्या गोठ्यात चिमुकली शेतं होती, खरीखुरी हिरवी, बोटभर उंचीची. अण्णांनी दोरीखालून हात घालून ती चाचपली.

घरच्या बाई म्हणाल्या, "नाचणी पेरलीय, बाबा. दहा दिवस झाले."

"माती कुठली घेतली?"

"आमच्या वाडीतलीच."

"अन् पानी? सकाळी का सांजचं?"

त्या बाईंनी केकच्या ताटलीसकट त्यांच्या शेजारी बसकण मारली आणि सांगू लागल्या. आम्ही रिक्षांपाशी वाट बघत उभे. मुलगी जांभया देत होती. रिक्षात बसलेल्या सासूबाईंनी पदर खोचला, त्या अर्ध्या बाहेर वाकल्या आणि त्यांनी हाक मारली, "आवं, चला की! का हितंच माळी म्हनून ऱ्हाताय?"

"आलो, आलो," अण्णा म्हणाले आणि बसूनच राहिले. शेवटी सासूबाई स्वतःच खाली उतरल्या, त्यांना उठवायला म्हणून गेल्या, आणि पाच मिनिटांनी मी पाहिलं तर दोघंही त्या नाचणीच्या शेताशी वाकून, दिव्यांच्या उजेडात, बाईंना काहीतरी समजावून सांगत होते.